आडत्याची पट्टी

शेतमाल विकून गावी परतलेल्या माणसाला घरातले लोक भाव विचारत नाहीत. "पट्टी किती झाली?" असे विचारतात. भाव कितीही चांगला सांगितला, तरी घरात येणारा पैसा पट्टीवरच कळतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. पट्टी म्हणजे आडत्याने दिलेली हिशोबाची चिठ्ठी. वर पेढीचे नाव आणि बाजार आवारातला गाळा क्रमांक. खाली शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाची जात, नग, वजन आणि भाव. मग खर्चाची उतरंड लागते: हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडे, उचल, इतर. सगळ्यात खाली निव्वळ रक्कम. अशा पट्ट्या तारेला टोचून खुंटीवर लटकवलेल्या असतात. त्यातली तळाची पट्टी आजोबांच्या नावाची निघते.

हा कागद मला महाराष्ट्रातल्या शेतीच्या इतिहासाचा फार मोलाचा पुरावा वाटतो. त्यावरची प्रत्येक ओळ कुणीतरी कधीतरी घुसवली आहे, आणि जी ओळ आज दिसत नाही, ती कुणीतरी भांडून खोडायला लावली आहे. भावाचा रकाना तेवढा वेगळा. त्याच्यावर शेतकऱ्याचा हात कधी पोचला, याचा शोध घेताना वऱ्हाडापर्यंत मागे जावे लागते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर काळ्या मातीच्या या पट्ट्यावर स्थिरावली. कापसामागून रेल्वे आली. ४ मार्च १८७० रोजी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला खामगावात हजर होते. व्हाइसरॉयने एवढी वाट वाकडी करावी, इतके त्या गावच्या कापसाला महत्त्व होते. पण विलायतेत पोचणाऱ्या गाठींविषयी तक्रारी होत्या. कापसात पाणी मारलेले, सरकी राहिलेली, लांब धाग्यात आखूड धागा मिसळलेला. मुंबई सरकारने १८६३ मध्येच कापसातली भेसळ रोखण्याचा कायदा केला होता. त्याने फार साधले नाही, कारण भेसळ एका हाताने होत नव्हती. शेतकऱ्याच्या बैलगाडीपासून बंदरापर्यंत कापूस ज्यांच्या ज्यांच्या हातांतून जाई, त्या प्रत्येकाला वजन वाढवण्यात फायदा होता.

म्हणून सरकारने कापूस विकण्याची जागाच ताब्यात घ्यायचे ठरवले. १८८६ मध्ये हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने कारंज्याला, म्हणजे आताच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचीच नोंद होते. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची हद्द ठरली, हद्दीबाहेर खरेदीला मनाई झाली, दलाल आणि मापाड्यांना परवाने लागू झाले आणि देखरेखीला पाच जणांची समिती आली. त्या पाचांत तिघे कापसाचे व्यापारी आणि दोघे नगरपालिकेचे. कापूस पिकवणारा एकही नाही.

बाजार समितीचा उगम शेतकऱ्याच्या कळवळ्यातून झाला, असे आपण भाषणांतून ऐकत आलो आहोत. या पाच खुर्च्या पाहिल्या की ते पटत नाही. गिरणीला निर्भेळ कापूस वाजवी दरात मिळावा, हा तिचा पहिला हेतू होता. शेतकऱ्याला त्यातून काही मिळाले, ते ओघाने मिळाले. तरीही जे मिळाले ते थोडके नव्हते. मापाड्याला परवाना लागला म्हणजे त्याचा परवाना काढून घेता येऊ लागला, आणि वजनात मारल्याची तक्रार करायला एक दार उघडले.

कारंज्याला बाजार सुरू झाला त्याच वर्षी पुण्यात रे मार्केटची दगडी इमारत उघडली. तीच आजची महात्मा फुले मंडई. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना या इमारतीवरच्या खर्चाच्या विरोधात उभे राहिले होते, तो पैसा शिक्षणावर घाला असे त्यांचे म्हणणे होते. १८८३ मध्ये लिहून झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला जकात नाक्यापासून दलालापर्यंत कसे नाडले जाते, तेही मांडले आहे. कायद्याने त्या नाडवणुकीची दखल घ्यायला आणखी चार दशके जावी लागली.

ती नाडवणूक कशी चाले, हे नीट पाहायला हवे, कारण पट्टीवरच्या वजावटीचे मूळ तिथे आहे. आडत्याच्या दुकानासमोर माल ओतला जाई. खरेदीदार जमत. आडत्या आपल्या हातावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकी, आणि एकेक खरेदीदार त्या कापडाखाली हात घालून आडत्याची बोटे दाबी. कोणते बोट, किती बोटे, त्यावरून आकडा कळे. तोंडातून शब्द नाही. सगळ्यांची बोटे झाली की आडत्या एक भाव सांगे. ज्याचा माल होता तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असे आणि कापडाखाली सगळ्यात जास्त कोणी दिले, तेच आपल्याला सांगितले का, हे कळायला त्याच्याकडे काहीही मार्ग नसे. आडत्या शेतकऱ्याचा वकील समजला जाई, पण त्याचे रोजचे येणेजाणे, देवघेव आणि लग्नकार्याचे संबंध खरेदीदाराशी. या पद्धतीला हत्ता म्हणत.

भाव ठरल्यावर मापाचा खेळ. मण म्हणजे किती, हे गावावर अवलंबून असे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात पूर्व खानदेशचे उदाहरण दिले आहे. पाहणी केलेल्या १९ ठिकाणी मणाची १३ वेगवेगळी मापे सापडली, साडेएकवीस शेरांपासून ८० शेरांपर्यंत. एका जिल्ह्यात! चोपड्याचा भाव ऐकून अमळनेरला गाडी जुंपणाऱ्याने तो भाव कशाशी ताडून पाहायचा? शिवाय धूळ-मातीसाठी कडता. नमुना म्हणून उचललेली ओंजळ परत यायची नाही. आणि मग धर्मादाय, पांजरपोळ, देवळाचा दिवा, झाडूवाला, पाणक्या. व्यापाऱ्याचे पुण्य शेतकऱ्याच्या पोत्यातून वजा होई. यातली एकेक रक्कम इतकी किरकोळ असे, की तिच्यासाठी भांडणारा माणूस क्षुद्र दिसावा. लुबाडणुकीची खरी हुशारी तिथे होती.

याच आयोगाने वऱ्हाडच्या बाजारांचे गुण सांगितले आणि दोषही काढले: समितीत शेतकरी नाही, तंटा सोडवायची सोय नाही, बाजाराचे उत्पन्न बाजारावर खर्च न होता नगरपालिकेकडे जाते. मुंबई इलाख्याने १९२७ मध्ये कापूस बाजारांचा स्वतंत्र कायदा केला होता. त्यात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत जागा मिळाली. १९३० मध्ये हैदराबाद संस्थानाने आपला बाजार कायदा केला, १९३९ मध्ये मुंबईने सगळ्या शेतमालासाठी केला, आणि राज्य झाल्यावर महाराष्ट्राने १९६३ चा कायदा करून हे सगळे धागे एकत्र आणले. हत्ता बंद झाला, उघडा लिलाव आला. धर्मादाय गेला. मेट्रिक वजनांनी मणाचे तेरा अवतार संपवले. पट्टी छापील झाली, तिला क्रमांक आला, तिची प्रत समितीच्या दप्तरात जाऊ लागली. अंदाजे हिशोब तोंडी सांगणे संपले आणि लेखी हिशोब देणे बंधनकारक झाले. हा बदल ज्यांनी घडवला, त्या सहकार खात्यातल्या आणि समित्यांतल्या कारकून-सचिवांची नावे कुठे येत नाहीत. यायला हवी होती.

समितीच्या खुर्च्याही बदलल्या. आता १८ संचालकांत ११ जागा सेवा सोसायट्यांच्या, ४ ग्रामपंचायतींच्या, २ व्यापारी-आडत्यांच्या आणि १ हमाल-मापाड्यांची. १८९७ च्या पाच जणांच्या समितीशेजारी ही मोठी मजल दिसते. पण मत देतात ते सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य. माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला थेट मताचा हक्क २०१७ मध्ये दिला गेला आणि २०२० मध्ये काढून घेतला गेला. बाजार समिती हे आमदारकीच्या वाटेवरचे पहिले ठाणे झाले, त्याचे कारण या मतदारयादीत आहे.

आता हमाली. पट्टीवरच्या या ओळीविषयी शेतकऱ्यांच्या बैठकीत नेहमी कुरकुर होते, आणि तिथे मला दोन्हीकडचे बोलावेसे वाटते. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरणारा माणूस कोण होता? बहुधा दुष्काळी तालुक्यातला, जमीन तुकड्या-तुकड्यांत वाटली गेलेला, कालचा शेतकरीच. त्याच्या मजुरीला दर नव्हता, म्हातारपणाला आधार नव्हता, पोते अंगावर पडले तर दवाखाना नव्हता. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याने हमालाची मजुरी मंडळामार्फत देणे आणि तिच्यावर लेव्ही भरणे बंधनकारक केले. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. असंघटित कष्टकऱ्यासाठी इतका नेटका कायदा देशात आधी झाला नव्हता. त्याचा मला अभिमान वाटतो.

प्रश्न पुढचा आहे. ही मजुरी कोणाच्या पट्टीतून जावी? पोती होती, हातकाटा होता, तेव्हा उतरवणे शेतकऱ्याचे आणि चढवणे खरेदीदाराचे, अशी वाटणी समजण्याजोगी होती. पण नाशिक जिल्ह्यात कांदा गोणीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीत सकाळी पाहावे: ट्रॉल्यांच्या लांबलचक रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कुणी वरचा कांदा बाजूला सारून खालचा उपसतो, हातात दाबून पाहतो, पुकारा होतो, आकडे चढतात, थांबतात, समितीचा माणूस चिठ्ठी फाडून देतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. महिनोन्महिने राबलेल्या पिकाचा निकाल बोलता बोलता लागतो. मग ट्रॉली भुईकाट्यावर जाते, भरलेली आणि रिकामी अशी दोनदा, आणि वजन आपोआप छापून येते. इथे कुणी पोते उचलले नाही, कुणी तराजू धरला नाही. तरी पट्टीवर तोलाई आणि वाराई दिसत राहिली.

या सगळ्या ओळी भावाच्या खालच्या. वरच्या आकड्याला पहिला धक्का विदर्भातच बसला. १९७२ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि कापसाच्या पट्टीवरून आडत्याचे नावच गेले. कापूस फक्त सरकारने घ्यायचा, आधी हमीभावाचा हप्ता द्यायचा आणि विक्रीनंतर उरलेले वाटायचे. कल्पना उदात्त होती. पण नव्या पट्टीवर नवी वजावट आली, भांडवल निधीपोटी शेकडा तीन. पुढचे हप्ते लांबत गेले, प्रतवारीवरून केंद्रांवर तंटे झाले आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की सीमेवरून रात्रीच्या गाड्या निघू लागल्या. तीस वर्षांनी योजना विझली, तेव्हा तिच्यासाठी रडणारे थोडे होते. मला वाटते, तिचा पाया चुकीचा नव्हता. व्यवहाराचा हिशोब शेतकऱ्यापुढे वेळच्या वेळी ठेवला गेला नाही, इथे ती हरली.

दुसरा धक्का चाकणच्या कांद्यातून आला. परदेशातली नोकरी सोडून परतलेले शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. त्यांनी शेताचा जमाखर्च लिहून काढला: नांगरट, बी, खत, खुरपणी, घरच्या माणसांची मजुरी, सगळे. तो खर्च पट्टीशेजारी ठेवला तेव्हा दिसले, की पट्टी जिथून हिशोब सुरू करते, त्याच्या आधीचे सगळे आयुष्य तिच्यावर नसतेच. आडत्या, मापाडी, हमाल यांच्या मागे लागून शेतकरी थकला होता. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेने त्याला सांगितले की वजावटीवर भांडू नकोस, वरच्या आकड्यावर भांड. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव ही मागणी घेऊन कांद्याच्या, निपाणीच्या तंबाखूच्या, कापसाच्या आंदोलनांत माणसे रस्त्यावर उतरली. अनेकांनी गोळ्या झेलल्या.

आडतीची, म्हणजे आडत्याच्या दलालीची, ओळ त्यानंतर बऱ्याच काळाने गेली. शेतकऱ्याकडून आडत घेऊ नये, खरेदीदाराकडून घ्यावी, असा आदेश पणन खात्याने २०१४ च्या डिसेंबरात काढला आणि व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे तो लगेच स्थगित झाला. २०१६ च्या जुलैत सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत खरेदीदाराकडे सरकवली. बाजार बंद पडले, वाटाघाटी झाल्या, पण या वेळी माघार घेतली गेली नाही. शंभर वर्षांहून जुनी एक ओळ पट्टीवरून पुसली गेली.

उचल मात्र राहिली. पेरणीच्या तोंडावर, दवाखान्यासाठी, पोरीच्या लग्नाला आडत्या पैसे देतो आणि माल आपल्याकडेच आणायचा शब्द घेतो. बँकेच्या फॉर्मला लागतात तेवढे दिवस त्याला लागत नाहीत, हे खरे आहे, आणि म्हणूनच तो टिकला आहे. लिलाव उघडा असला तरी उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्या गाळ्यावर जाऊ शकत नाही. देशभरच्या बाजारांना संगणकाने जोडणारी ई-नाम योजना २०१६ मध्ये आली, पडद्यावर परगावचा भाव दिसू लागला. उचलीने बांधलेल्याला तो पाहता येतो, घेता येत नाही. सुधारणेचे सगळे कायदे या एका ओळीला वळसा घालून गेले.

१७ फेब्रुवारी २०२३ ची सोलापूरची एक पट्टी त्या वर्षी देशभर गाजली. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याचा कांदा, १० गोण्या, वजन ५१२ किलो. भाव क्विंटलला १०० रुपये, म्हणजे एकूण ५१२ रुपये. खर्च असा: हमाली ४० रुपये ४५ पैसे, तोलाई २४ रुपये ६ पैसे, भाडे आणि भाड्यापोटी आधी दिलेले मिळून ४४५. बेरीज ५०९ रुपये ५१ पैसे. उरले २ रुपये ४९ पैसे. शेतकऱ्याला २ रुपयांचा धनादेश मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. लोक आडत्यावर तुटून पडले. पण ती पट्टी शांतपणे वाचली तर तिच्यात आडत नाही, कडता नाही, धर्मादाय नाही. दीडशे वर्षांत कायद्याने जे जे काढायला लावले, ते सगळे निघालेले आहे. सगळ्यात मोठा खर्च वाहतुकीचा आहे आणि तो खोटा नाही. चुकले ते वरच्या रकान्यात, किलोला एक रुपया या आकड्यात.

त्या हंगामासाठी राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला, दर शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. अर्जाला सातबाऱ्यावरची कांद्याची नोंद हवी आणि विक्रीची मूळ पट्टी हवी. गावोगाव तारेवरच्या पट्ट्या उलगडल्या गेल्या. भावाच्या साडेतीनपट अनुदान, असा हिशोब त्या कागदावर मांडण्याची वेळ आली होती. ज्यांनी कांदा बांधावर व्यापाऱ्याला रोखीने दिला होता, त्यांच्याकडे पट्टीच नव्हती, म्हणून त्यांना काहीच मिळाले नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली-तोलाईच्या कपातीवरून आणि तिच्यावरच्या लेव्हीवरून व्यापारी आणि माथाडी समोरासमोर आले. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून कपात करायचे थांबवले, हमालांनी त्या कपातीविना कामाला नकार दिला आणि उन्हाळ कांदा निघत असताना लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. ओळ कोणाच्या पट्टीवर असावी, हा जुनाच वाद. पण त्या हंगामातल्या सगळ्यात मोठ्या वजावटीला पट्टीवर ओळच नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले होते, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि तेच ४० टक्के शुल्क कायम ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य काढले आणि शुल्क निम्मे केले. ते पूर्ण हटले १ एप्रिल २०२५ रोजी. तोवर दोन उन्हाळ हंगामांचा कांदा विकून झाला होता.